चहा घेणारी देवी

परवा तुमचं पत्र आलं. नव्या घरात देवघर मांडलंय आणि मागच्या भिंतीवर लावायला ‘आपल्या देवीचं’ चित्र हवंय. तुझ्याकडे काळ्या चौकटीत आहे तेच, त्याचा फोटो काढून पाठव, असं तुम्ही लिहिलंत. फोटो पाठवायला माझी हरकत नाही. पण ते चित्र देवीचं नाही. ते मी स्वतः शिसपेन्सिलीनं उतरवलं आहे, तेही चोरून. तेव्हा आधी हे वाचा, मग काय ते ठरवा.

माझं लग्न झालं तेव्हा नागपूर अजून जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती आणि तुमचे आजोबा सचिवालयात कारकून होते. मी जबलपूरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंटर पास. तुमच्या आजोबांचं ते दुसरं लग्न. पहिली बायको वर्षापूर्वी तापानं गेली होती. हे मला माहीत होतं, कुणी लपवलं नव्हतं. पण सक्करदऱ्याकडच्या त्या घरात आले तेव्हा तिची एकही खूण दिसली नाही. साडी नाही, फणी नाही, फोटो नाही. इतकं स्वच्छ पुसून काढलेलं घर पाहून मला बरं वाटण्याऐवजी शंकाच आली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी तिसऱ्या दिवशीच देव घासायचं काम माझ्याकडे दिलं. देव म्हणजे टाक. तुम्ही हे पाहिले नसतील. चांदीचा पातळ पत्रा, तळहातात मावेल एवढा, त्यावर ठोकून उठवलेली देवाची आकृती. आमच्याकडे सहा होते. मला कुठलीही वस्तू हाती आली की आधी मोजायची आणि नीट पाहायची सवय. पाच टाक चिंचेनं घासून घासून इतके गुळगुळीत झाले होते की नाक कुठलं आणि मुकुट कुठला हे अंदाजानं ओळखावं लागे. सहावा मात्र कोरा करकरीत. त्यावर एक बाई उभी. डोक्यावर पदर, दोन हात, दोन्ही रिकामे. हनुवटीवर एक बारीक ठिपका.

“आत्याबाई, ही कोण?”

“देवी हाये.”

“कोणती?”

“तिचं नाव घेत नसतात. घास तू.”

नाव न घेण्याची देवी मी कधी ऐकली नव्हती. पण नवी सून होते, घासत राहिले.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. संक्रांतीला मला नवी साडी आली, ती घडी न मोडता आधी त्या सहाव्या टाकापुढे ठेवली गेली. बाकीच्या पाचांना तिचं काही देणंघेणं नसल्यासारखं. आणि दुपारी चहा झाला की आत्याबाई एका लहान वाटीत दोन घोट ओतत आणि तीही तिथेच नेऊन ठेवत. आलं घातलेला, दुधाचा चहा.

“देवीला चहा?” मी विचारलं.

“काहून वं, तुह्या मिशनच्या बाईनं नाही म्हटलं का?”

“नाही, पण दुसऱ्या देवांना नाही ना देत.”

“त्यायले आवडत नसंन.”

त्यांना माझा संशय होता, हे मला ठाऊक होतं. मी पाद्र्यांच्या शाळेतली. आज देव मोजतेय, उद्या विहिरीत टाकेल, असं त्या शेजारणीला म्हणालेल्या मी ऐकलं होतं. आणि मला त्यांचा संशय. रोज सकाळी मी त्या टाकापुढे डोकं टेकवत होते, आणि ते कुणापुढे टेकवतेय हे घरातलं कुणी सांगत नव्हतं. तुमच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, “आईचं खातं आहे ते.” आणि वर्तमानपत्र उघडलं. ते कधी देवघराकडे तोंड करून बसत नसत, हेही मी टिपलं होतं.

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघराला चुना दिला. देवघरामागची भिंत पांढरी, रिकामी झाली. मला वाट सापडली. बाजारात मिळणाऱ्या देवांच्या चित्रांखाली नाव छापलेलं असतं. मी आत्याबाईंना म्हटलं, इथे आपल्या देवीचं एक छान चित्र लावू. त्यांनी चुलीवरची कढई खाली उतरवली, पुन्हा वर ठेवली.

“तिचं चित्र मियत नाही,” म्हणाल्या.

“शोधून तर पाहते.”

“पाह्य. पन टाक घराबाहेर न्यायचा नाही.”

मग मी काय केलं, तर शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत असू तसं केलं. त्या दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. टाकावर पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. बाई हळूहळू कागदावर उतरली. पदर, रिकामे हात, हनुवटीचा ठिपका. डोक्याच्या वर टाकाच्या कडेला एक ओबडधोबड खुंट उमटला, तो चांदीवर मला कधी दिसला नव्हता. कागद वहीत घातला, टाक पुसून जागेवर ठेवला. घरात मी पहिल्यांदाच काहीतरी लपवत होते.

सीताबर्डीवर एक चित्रं आणि चौकटींचं दुकान होतं. दुकानदारानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

“हत्यार कुठं आहे?”

“नाही.”

“वाहन? वाघ, हत्ती, घुबड?”

“नाही.”

“कमळ तरी?”

“हात रिकामेच आहेत.”

“मग बाई, ही देवी करते काय?”

त्यानं माझ्यापुढे चार-पाच लक्ष्म्या पसरल्या. सगळ्या गोऱ्यापान, टॉकीजच्या पाटीवरल्या नट्यांसारख्या, गालांवर गुलाबी रंग. “ही घेऊन जा, घरात कुणाला फरक समजणार नाही,” म्हणाला. फरक मला समजणार होता. मी नुसती काळी चौकट घेतली. चित्र मिळालं की काच बसवून देईन, असं तो म्हणाला. जाता जाता त्यानं सांगितलं, “इतवारीत सराफ्यात विचारा. टाकाची माहिती सोनारालाच असते.”

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत गेले. सोनार म्हातारा होता. भट्टीपुढे बसून एका कोऱ्या पत्र्याला ठोके देत होता. कागद पाहिला आणि हसला.

“हे तर माह्याच हातचं काम हाये. साचा माह्या बापाचा.”

“कोणती देवी आहे ही?”

त्यानं मला नीट न्याहाळलं. मंगळसूत्र पाहिलं, पायातली जोडवी पाहिली. मग त्या खुंटावर बोट ठेवलं.

“इथं कडी होती. दोऱ्यात ओवून गळ्यात घालाची. कोणं तरी कानशीनं घासून काढली.” कागद परत दिला. “तुम्ही दुसऱ्यापनाच्या का?”

मी हो म्हटलं, दुसरी बायको.

“मंग देवी नाही वं बाई. तुमची सवत हाये ते.”

त्यानं सांगितलं ते असं: बायको वारली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, की पहिलीच्या नावाचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात. तिला साडी आधी दाखवायची, घास आधी द्यायचा. म्हणजे ती रागावत नाही, दुसरीचा संसार सुखाचा होऊ देते. पुष्कळ घरांत आहे, म्हणाला. घाबरायचं काही नाही.

मी घाबरले नव्हते. मी संतापले होते. दहा महिने मला देवी म्हणून जिच्यापुढे वाकवलं, ती माझ्याच जागेवरची आधीची बाई. घरी पोचेपर्यंत मनात वडिलांना पत्र तयार झालं होतं: मला फसवलं आहे, येऊन घेऊन जा. घरात शिरले आणि ते लिहूनही काढलं. मग पत्र, चौकट आणि ती वही हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई वाटीत चहा ओतत होत्या.

“मला कळलं ती कोण आहे,” मी म्हटलं. “हे पत्र बाबांना पाठवतेय.”

त्यांनी वाटी खाली ठेवली. आवाज मात्र खाली आला नाही.

“पाठव ना. तुह्या बापानंच तर घोळ केला. लग्नाच्या बैठकीत म्हने, माह्या पोरीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधाचा नाही. बांधला का म्या? तुह्या गळ्यात हाये का? कडी घासून देवात बसवला. शब्द मोडला का म्या, सांग!”

वडिलांनी अशी अट घातली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही. माझ्याविषयी सगळं ठरलं होतं आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“मग मला खोटं का सांगितलं? देवी का म्हणालात?”

“खरं सांगतलं असतं त घासला असता का तू रोज?”

नसता घासला.

“आणि चहा?”

त्यांनी वाटीकडे पाहिलं. वाटीतला चहा निवत होता.

“तिले चाहा लय आवडे,” त्या म्हणाल्या. “मी देत नोहती. सुनेले दोनदा चाहा कायले लागते, म्हनो. तापात तिनं मांगतला होता.” पदरानं वाटीची कड पुसली. “फोटो नाही तिचा. कोणी काढलाच नाही. म्हनून सोनाराले सांगून हनुवटीवरचा तीळ काढाले लावला. तेवढी एक तिचीच खून.”

मी वही उघडून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तिळाला बोट लावलं, शिसं पुसलं जाईल म्हणून लगेच मागे घेतलं.

मी म्हटलं, “आजपासून तिला देवी म्हणायचं नाही. मी नमस्कार करणार नाही. साडी आधी माझी मी नेसेन. चहा मात्र मी ठेवीन.”

“अन् पत्र?”

“माझ्या ट्रंकेत राहील.”

“ठेव,” त्या म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे उघड दिसत होतं. माझाही त्यांच्यावर नव्हता. पण त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून भिंतीला खिळा ठोकला. चौकटीत तो कागद घालून टांगला; काच मागाहून बसवली.

इथे संपवता आलं असतं. पण मी तुम्हाला अर्धं सांगणार नाही. त्या घरातलं अर्धं सांगणं मी भोगलं आहे.

तीनेक वर्षांनी तुमच्या बाबांच्या वाळ्यासाठी मी पुन्हा त्या सोनाराकडे गेले. आत्याबाई तोवर वारल्या होत्या. त्याच्या पेटीत तसेच चार टाक नवे पडलेले होते, कुणाकुणासाठी केलेले. चौघींच्याही हनुवटीवर तोच ठिपका. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “साच्याले पहिल्यापासून टोचा पडला हाये. बापाच्या वेळचा.”

घरी आले. तुमचे आजोबा ओसरीवर बसले होते. मी सरळ विचारलं, “तिच्या हनुवटीवर तीळ होता का?”

त्यांनी खूप आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न केला, हे मला दिसलं.

“असेल,” म्हणाले.

आत्याबाईंनी मला खोटं सांगितलं, की तो ठिपका पाहून त्यांनाच तीळ आठवू लागला, हे मला अजून कळलेलं नाही. मी चौकट भिंतीवरून काढली नाही. चहाही बंद केला नाही. तिची आठवण ठेवणारं दुसरं काही त्या घरात नव्हतं. फोटो या पत्रासोबत आहे. लावलात, तर तिला देवी म्हणू नका.