कौसा आकडे वाचे तेव्हा

त्या दिवशी खोलीत आम्ही चार जणं होतो. माहा पोरगा सुनील, सून वैशाली, माही धाकटी जाऊ कौसा, अन् मी. सुनील दोन लॅपटॉप मांडून बसला होता. कौसा त्याच्या बाजूले खुर्चीवर. वैशाली दवाखान्यात ड्युटीवर जायची होती, ते घाईघाईनं वेणी घालून राह्यली होती. मी खाली बसून सुपात तूर निवडत होती. कौसा एका लॅपटॉपवरचं वाचे, सुनील तिच्याकडं न पाहता दुसऱ्यावर टाईप करे. काम झालं तं तो म्हणाला, "जुळलं काकू." कौसानं चष्मा काढला अन् मले म्हणते, "बाई, चहा ठेवता का वो? वाचून वाचून घसा वाळला." घर माहं, पोरगा माहा, अन् चहा तिच्यासाठी मीच ठेवाव. ठेवला. साखर मुद्दाम कमी टाकली, तिले गोड चहा आवडे म्हणून.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेली. बाजूच्याच गल्लीत तिचं घर, तांदूळ धुता धुता खाली बसली अन् उठलीच नाई. वैशालीनं सांगितलं तं मी गॅस बंद केला, पदर सारखा केला अन् गेली. रडली नाई. मले रडाची सवय नाई. माहा मालक ऐन धानाच्या रोवण्यात गेला, तेव्हाही लोकाच्या बांदीत धान लावाले मीच गेली होती, नाई तं त्या वर्षी खाल्लं काय असतं? आता कौसाले जाऊन काही हप्ते झाले. तिच्याबद्दल लिही असं विहारातले लोकं म्हणतात. मले लिहिता येत नाई, मी सांगून राह्यली अन् वैशाली लिहून राह्यली. तिले म्हटलं, गोड करू नको, मी बोलते तसंच लिही.

मालक गेला तेव्हा आमी सिंदेवाहीकडच्या गावात राहत होतो. उन्हाळ्यात मोहा वेचणं, तेंदूपत्ता, मंग रोवणा, मंग धान कापणं. पोराले शाळेत कोण नेईन? कौसा वरोऱ्याले, तिचा मालक जिनिंगात कामाले, पोरबाळ नाई. ते आली अन् म्हणाली, "बाई, पोट्ट्याले माह्यापाशी ठेवा. शिकन तरी." मी ठेवला. दुसरं काय करणार होती? उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला तं तिच्यासारखाच भात कालवे, तिच्यासारखाच मान हलवे. एक दिवस अंगणात ठेच लागली, नख उलटलं, रक्त निघालं, तं "काकू वो" म्हणून ओरडला. मी तिथंच होती, हातभर अंतरावर. हळद लावली. पण ते माह्या पोटात बसलं ते बसलंच.

पुढं सुनील कमवाले लागला अन् मलेही वरोऱ्याले घेऊन आला. आता हे त्याचं काम काय, ते मी माह्या समजीनं सांगते. मोबाईलात तुमी एखाद्या वेबसाईटचं नाव टाकता, तं ते नाव कोणत्या पत्त्यावर हाय हे सांगणारी एक यादी असते. अशा याद्या सुनील घरी बसून सांभाळते. मधात कोणी बदमाशानं यादीत खोटा पत्ता घुसवू नाई म्हणून तिच्यावर सही लागते. पेनाची नाई. काळ्या पडद्यावर तो हुकूम टाईप करते, अन् मशीनच आकड्यांची सही करून देते. त्या सहीले मुदत असते. मुदत गेली तं नाव उघडणं बंद. ज्या चावीनं सही होते ते चावी त्यानं एका जुन्या लॅपटॉपात ठेवली हाय. त्या लॅपटॉपाले तो इंटरनेट लावत नाई, अन् पेनड्राईव्ह तं अजिबात नाई. चावी बदलली की तिची लांबलचक खूण दुसऱ्या लॅपटॉपवरून वरच्या लोकाईले कळवा लागते. तेव्हा एकानं वाचाव, दुसऱ्यानं टाईप कराव. एक अक्षर चुकलं तं सगळं बंद. एक बार कौसा नागपूरले गेली होती तेव्हा त्यानं एकट्यानंच केलं. चुकलं. दिवसभर फोन वाजत होते, पोट्टा पांढराफटक पडला होता. तेव्हापासून काकूशिवाय तो खूण टाकत नव्हता.

मी म्हटलं होतं त्याले, "आकडे तं मलेही येतात. एस्टीचा नंबर मीच पाहते ना?" तो हासला. "माय, त्याच्यात इंग्रजी अक्षरं राह्यतात." कौसा लगेच म्हणाली, "सहाच तं हायेत रे. एफच्या पुढं काही येतच नाई. बाईले मी शिकवते ना दोन दिवसांत." तिचं मन चांगलं होतं, ते मले मालूम हाय. पण माह्याच पोराच्या बाजूले बसासाठी मी तिच्यापाशी शिकाव? "मले काम हाय," म्हटलं अन् विहिरीवर गेली.

ते वाचे मात्र चांगलं. बी अन् डी ऐकाले सारखेच वाटतात, म्हणून तिनं नावं ठेवली होती. बी बोराचा, डी डोंगराचा. चार वाचले की थांबे, "हं" म्हणे, सुनील टाईप करे, मंग पुढचे चार. आवाज कसा... घाई नाई, जोर नाई. आयकत राहाव असा. मी तूर निवडता निवडता आयकत राहे अन् मनात म्हणे, एक तरी चूक वो, एक तरी. तिची कधी झाली नाई.

ते गेली अन् पुढच्या नावाची चावी बदलाची पाळी आली. सहीची मुदत सरत आली होती. वैशालीची ड्युटी लागलेली. सुनील दोन दिवस जुना लॅपटॉप नुसता उघडे अन् बंद करे. मी वैशालीले म्हटलं, "ते सहा अक्षरं दाखव मले." तिनं खडूनं फरशीवर काढून देल्ले. वैशाली झाडाले आली की मी ते पुसू देत नव्हती, स्वयंपाक करता करता पाहे. पण कौसानं ठेवलेली नावं मी घेतली नाई. बी बोडीचा, बोडी म्हंजे आमच्या गावाकडचं लहान तळं, अन् डी डुकराचा. सुनील म्हणाला, "माय, डुक्कर काऊन?" म्हटलं, "ज्याचं धान डुकरानं खाल्लं तो डुकराले विसरत नाई."

वाचाच्या दिवशी मी तिच्याच खुर्चीत बसली. मुद्दाम. वैशालीनं तेवढ्यासाठी ड्युटी बदलून घेतली होती, ते दारात उभी. मी वाचाले लागली. बोडीचा, सात, डुकराचा, चार... मी थांबली नाई, थांबली असती तं पुन्हा सुरू करता आलं नसतं. सुनीलचे हात मागं राह्यले. डोळे पडद्यावरच ठेवून तो म्हणाला, "काकू, थांब ना जरा."

वैशालीनं तोंडावर हात ठेवला. सुनीलचे कान लाल झाले. मी बोट जिथं होतं तिथंच दाबून ठेवलं, जागा चुकू नाई म्हणून. म्हटलं, "थांबली. आता वाचू?"

"वाच... वाच माय."

मी शेवटपर्यंत वाचलं. त्यानं पुन्हा तपासलं अन् म्हणाला, "जुळलं." अक्षर एकही चुकलं नाई. चहा कोणी ठेवला नाई. मीच उठली अन् ठेवला, अन् हे बार साखर बरोबर टाकली.

तुमाले वाटन, आता म्हातारीचा जळफळाट सरला. नाई सरला. मेली तरी ते त्याच्या तोंडात हाय. त्याच्या मोबाईलात तिनं पाठवलेले आवाज हायेत, भाजी काय आणू, पोळी खाल्ली का, असलेच काही. कामाले बसला की तो कानात वायर घालते अन् ते आयकते. मी खोलीत आली की तो वायर काढते. मी आयकाले मागत नाई. मागणारही नाई.

पण कौसा विहारात वंदना सांगे. तिथं बाया मोबाईल धरून तिचा आवाज भरून घेत, ते मी पाह्यलं हाय. तं वाचणाराले माही एकच विनंती हाय. ज्याच्या मोबाईलात तिचा आवाज असन, त्यानं मी बाजारात दिसली की मले आयकवाव. वंदना असो की दुसरं काही, चालन. फक्त सुनील संगं असन तेव्हा नको. मी एकटी असन तेव्हा.