सूर्यावरचे डाग मी पुसले

साल २०२३, ऑक्टोबर. पाऊस सरला होता आणि विरारला दुपारी डोकं तापत होतं. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मोडकी उपकरणंही टाकून देत नाहीत, कारण रजिस्टरात त्यांचं नाव असतं. किश्शांचंही तसंच, साठत जातात. मी तिथला लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी. निवृत्त झालो तरी कॉलेजने ठेवून घेतलं. कुठली चावी कुठल्या कपाटाची, हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं!

*

तिसऱ्या वर्षाला मुलं तीन. एक नोकरी करायचा, परीक्षेलाच दिसायचा. राहिले ऑल्विन आणि सुचिता. ऑल्विन तापाने घरी बसला की मॅडम हजेरी घेऊन म्हणायच्या, "आज निम्मा वर्ग आजारी!"

*

लंबकावरून गुरुत्वाकर्षण मोजायचा प्रयोग. ऑल्विनने दहा मिनिटांत उत्तर आणलं, नऊ पूर्णांक आठ. पुस्तकातलंच.

मी विचारलं, "घड्याळ कुठलं घेतलंस?"

"ते काळं, काका."

"ते मागे पडतं. त्याच्यावर आजवर दहाच्या खाली कोणाचं उत्तर आलेलं नाही. बस खाली, खरी वाचनं घे!"

मॅडम दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऑल्विन, मला फसवशील रे. काकांना नाही."

*

सुचिता आगाशीकडची. घरची सोनचाफ्याची वाडी. पोरीला पुढे एम.एस्सी. करून खगोलशास्त्रात जायचं होतं. वडिलांनी अट घातली होती, "प्रोजेक्टला पहिली आलीस तर शीक. नाहीतर वाडी आहेच."

प्रोजेक्ट सूर्याचा. रोज बाराला गच्चीवर छोटी दुर्बीण लावायची. दुर्बिणीतून बघायचं नाही, डोळा जाईल. मागे पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्याचा गोल पडतो. सूर्यावरचे डाग दिसतात तिथे पेन्सिलीने टिंब. रोज एक कागद. डाग रोज किती सरकतो त्यावरून सूर्य किती दिवसांत फिरतो ते काढायचं. अकरा कागद झाले होते.

*

तेवढ्यात तपासणी समिती यायची ठरली. लॅब चकचकीत हवी. मी काचा पुसल्या, पितळ घासलं. टेबलावर अकरा कागद होते. छान गोल काढलेले, पण प्रत्येकावर पेन्सिलीचे डाग. टिंबांचं प्रकरण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटलं, मुलांचा गबाळेपणा! मी खोडरबर घेतला आणि एकेक कागद स्वच्छ केला.

समितीने लॅबची तारीफ केली. मग सुचिता आली. कागद उलटेसुलटे केले, उजेडाला धरले.

"काका, तुम्ही सूर्य धुतलात!"

ऑल्विन हसला. ती हसली नाही. माफी मागायची मला सवय नाही.

*

प्रोजेक्ट दिवाळीनंतर लगेच द्यायचा होता. सुट्टीत कॉलेज बंद, आणि सणाच्या फुलांत तिला वाडीतून हलता येत नव्हतं. चाव्या माझ्याकडे. मी म्हणालो, "मला दाखव कसं करतात."

"दिसेल तिथे टिंब, शेजारी वेळ. दुर्बिणीची नळी हलवल्यावर जो डाग नळीबरोबर हलेल तो काचेवरचा धुरळा, तो सोडायचा. आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही, काका!"

मला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. ऐकून घेतलं.

रोज बाराला गच्चीवर गेलो. पाडव्यालाही. बायको म्हणाली, "ओवाळायला ताट घेऊन मी बसलेय, आणि हे सूर्याला भेटायला निघाले!"

*

कॉलेज उघडलं. मी कागद टेबलावर ठेवले. मॅडमनी वरचा उचलून वाचला. "बारा वाजून चार मिनिटं. घार गेली. ही नोंद कशाला?"

"दिसली म्हणून लिहिली. डोकं चालवायला बंदी होती."

सुचिताने कागद मोजले. अकरा. एकावर एक नीट जुळवले आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरले. मागून ऊन आलं. मोठ्या डागाचं टिंब एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे सरळ रांगेत चालत गेलं होतं. एकही टिंब रांग सोडून नव्हतं.



सुचिताने कागद उतरवून फाइलमध्ये लावले. फाइल छातीशी धरून माझ्याकडे वळली.

"फिटलं, काका."