ताईंचं बोट

हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही. आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंच्या डाव्या तर्जनीवर जो व्रण आहे, तो त्यांच्या हलगर्जीपणाचा नाही. माझ्या घाईचा आहे.

मी वाकडे दात सरळ करतो. दाटीवाटीने आलेल्या दातांना सरकायला जागा लागते, म्हणून दोन दातांच्या मधून बारीक फिरती चकती घालून त्यांच्या कडा केसभर घासायच्या. दाताला कळतही नाही. पण चकती निसटली तर हिरडी, ओठ, जीभ, काहीही कापतं. ताई आधी दातांच्या फटीत इवलीशी लाकडी पाचर बसवून हिरडी खाली दाबायच्या, ओठ बाजूला ओढायच्या, जिभेआड आरसा धरायच्या. तोवर मला पुढे सरकू द्यायच्या नाहीत.

"थांबा डॉक्टर. हिरडी फाटली तर शिवायला मी शिंपीण नाही."

पेशंटलाही सोडायच्या नाहीत. "जीभ फार चौकस आहे गं तुझी. तिला म्हणावं, बोलावल्याशिवाय येऊ नये."

त्या होत्या तोवर आमच्या खुर्चीत कुणाला साधा ओरखडा उठला नाही. लोक मला हलक्या हाताचा डॉक्टर म्हणतात. तो हात निम्मा ताईंचा होता, हे तुम्हाला अभिमानाने सांगतो.

एका शनिवारी बाहेर गर्दी होती. पाचरी अजून निर्जंतुक होत होत्या. "पाच मिनिटं थांबा," ताई म्हणाल्या.

"ताई, हजारदा केलंय मी," म्हणत मी चकती सुरू केली. खुर्चीतल्या कॉलेजच्या मुलीला ठसका लागला, जीभ पुढे आली, आणि मी पायाखालचं चकतीचं पेडल सोडेपर्यंत चकती आणि जिभेच्या मध्ये ताईंचं बोट होतं.

रक्त पाहून मुलीची आई धावत आली.

"माझं आहे हो ते," ताई म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं. लेक तुमची धडधाकट आहे, बघा."

"डॉक्टर, जरा धड माणसं ठेवत चला," आई मला म्हणाली.

मी म्हणालो, "सांगतो त्यांना."

टाके मीच घातले. शेवटची गाठ मारली तेव्हा ताई म्हणाल्या, "पाचरी झाल्या असतील. बघा आता."

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे काम सोडून त्या धायरीला लेकीकडे राहायला गेल्या. नव्या मुली न विसरता पाचर बसवतात, ताईंनीच शिकवलंय. पण एकमेकींना बजावतात, "ताईंसारखं बोट मध्ये घालू नकोस हं." आणि मी शेजारी उभा राहून ऐकून घेतो.

चूक माझी होती, एवढं एक वाक्य मी ताईंचं देणं लागतो. ते त्यांच्यासमोर, या मुलींच्या देखत म्हणायचं अजून राहिलं आहे.