पोपटी धूर

अग्निशमनची गाडी घणसोली गावाच्या पहिल्याच वळणावर अडकली. पुढे दोन स्कूटर, मागे टेम्पो. मी खाली उतरलो, तोंडाला मास्क चढवला आणि गल्लीत धावत सुटलो. गाडी मीच बोलावली होती.

मी वॉर्ड ऑफिसात स्वच्छता निरीक्षक. कचरा, गटार, धूर अशी तक्रार आली की 'स्पॉट व्हिजिट' करायची, म्हणजे जागेवर जाऊन बघून रिपोर्ट लिहायचा. मूळचा सोलापूरचा. नवी मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम महिना झालेला.

त्या रविवारी दुपारी गावालगतच्या टॉवरमधून देसाईबाईंचा फोन आला. "मागच्या परसात पोपटीचा धूर चाललाय. बाबांना दमा आहे. पंप घेऊनही धाप थांबत नाहीये. लवकर या."

मी रजिस्टरात लिहिलं, 'पोपटी धूर.' मधला 'चा' मला फालतू वाटला.

मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे आमच्या वॉर्ड ऑफिसर.

"पोपटी? हिरवा धूर?"

"तक्रारदार तसंच म्हणाल्या, मॅडम."

"मग केमिकल असणार. फायरला कळवा. आणि मास्क लावा."

परसात पोचलो तर एक म्हातारे गृहस्थ लुंगी खोचून आगीत काटक्या सारत होते. हे हिराजीकाका. बाजूला लेकी, जावई, खुर्च्या. धूर करडा.

"केमिकल कुठंय?" मी मास्कमधून ओरडलो.

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तोंड कशाला बांधलाव? वालाच्या शेंगा हायत त्या. घातला असंल तर ओवा."

"पण पोपटी..."

"ही काय पोपटी! रंग नाय वो साहेब, जेवन हाय."

मग मला शिक्षण मिळालं. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. याला पोपटी म्हणतात. तेवढ्यात फायरवाले पाइप ओढत पोचले. त्यांच्यातला एक इथलाच होता. त्याने मडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेबांचा पोपट झाला," एवढंच म्हणाला आणि पाइप गुंडाळायला लागला.

पण वर टॉवरमध्ये देसाईबाईंचे बाबा खोकतच होते. खालपर्यंत ऐकू येत होतं.

मी मास्क काढला आणि प्रथमच नीट वास घेतला. शेंगांच्या वासाआड काहीतरी झोंबणारं होतं. काठीने जाळ उकरला. प्लायवूडचे तुकडे, त्यावर सनमायका.

"काका, हे जाळायला बंदी आहे. चुलीला माझी हरकत नाही. पण प्लाय जाळला की तो कचरा जाळणं होतं. यातल्या गोंदाचा धूर वर देसाईंच्या बाबांच्या छातीत जातोय."

"मंग पेंढा कुठनं आनू?" काकांनी टॉवरकडे बोट केलं. "आमचं शेत त्याच्याखाली हाय. आन् हा प्लाय बी तिथलाच. फर्निचरवाले टाकतान."

मी प्लाय बाहेर ओढून विझवला. काकांनी कुरकुर न करता लेकीला पाठवून शेजारून सुकी लाकडं आणवली. मी वर गेलो. मागच्या खिडक्या लावून बाबांना पुढच्या खोलीत बसवलं होतं. अर्ध्या तासाने त्यांना पुरतं वाक्य बोलता आलं. "पोपटी बंद नका करू हो," ते म्हणाले. "फक्त आधी सांगा म्हणावं."

तसं ठरलं. काकांनी जासई गावच्या मेव्हण्याकडून पेंढा आणायचा, प्लायला हात लावायचा नाही, आदल्या दिवशी देसाईंना फोन करायचा. पुढच्या पोपटीला मी मास्कशिवाय गेलो. बाबा वर पुढच्या खोलीत बसून वालाच्या शेंगा सोलत होते, देसाईबाई खाली परसात अंडं मागत होत्या.

गाडी उगाच बोलावल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो वाचून मॅडम म्हणाल्या, "सोलापूरकर, तक्रार कानाने घ्या, पण रिपोर्ट नाकाने लिहीत जा." तेव्हापासून मी तसंच करतो. फक्त गटाराच्या तक्रारींना हा नियम जड जातो.