साईन डायची अकरा वर्षं

गोंदियाच्या कोर्टासमोर टिनाच्या शेडखाली योगराज बिसेन एकतीस वर्षं टाइपिंग करतो आहे. वकिलांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर तो बरोबर लावतो आणि मक्षिकास्थाने मक्षिका उतरवतो. एक्स पार्टे, लोकस स्टँडाय, साईन डाय असले कोर्टाचे लॅटिन शब्दही. स्पेलिंग कधी चुकलं नाही आणि अर्थ कधी विचारला नाही. विचारणार कसा? गावात लोक त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणतात.

त्याची थोरली बहीण सुशिलाबाई विधवा. बिरसीजवळच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, आपला वाटा मिळावा म्हणून तिने दिरावर दावा लावला होता. याच जमिनीवरून दिराचं एक अपील वरच्या कोर्टात होतं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी हा दावा ‘साईन डाय’ ठेवला गेला. पुढे तिचे वकीलही वारले. योगराजने तिला ठासून सांगितलं, “आता कोर्टच तारीख पाठवते. तू घरी बस.” बसते कुठली! ती लोकांच्या बांध्यांत रोवणीला जात राहिली आणि तिच्या वाट्याचं धान दीर कापत राहिला.

परवा दुर्गेश्वरी नावाची नवी वकील अर्ज टाइप करून घ्यायला आली. बोलता बोलता योगराजने बहिणीचा विषय काढला. दुर्गेश्वरीने मोबाइलवर केस पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“काका, अपील त आठ वर्षांआधीच निकालात निघालं. तुम्ही अर्ज काऊन नाही केला?”

“कोर्ट तारीख देणार होतं ना?”

“साईन डाय म्हणजे पुढची तारीखच नाही. आपण अर्ज केल्याबिगर फाइल हलत नाही.”

योगराजने हजारदा टाइप केलेला शब्द! असली हुशारी काय जाळायची आहे? अर्ज आजही करता येईल, दुर्गेश्वरी सांगत होती, पण इतक्या उशिराचं कारण द्यावं लागेल. त्याला अर्धंच ऐकू येत होतं.

तो तसाच सायकल दामटत बहिणीच्या गावी गेला. सुशिलाबाई गुडघाभर चिखलात रोवणी करत होती. बांधावर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

तिच्या हातातली रोपं खाली पडली.

“शेजारची लीलाबाई दरसाल म्हणे, दुसऱ्या वकिलाले विचार,” ती म्हणाली. “मीच भांडली तिच्यासंग. म्हटलं, कोर्टात माहा भाऊ बसला आहे, मी कायले दुसऱ्याले विचारू?”