बाबांचा पिवळा अभ्रा

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करते. आज पिवळ्या रंगाचं नवं पाकीट फोडलं आणि हात थांबला. माल चीनचा, पण वास थेट बाबांच्या उशीचा!

बाबा रोह्याला रंगाच्या कंपनीत होते. कितीही घासून आंघोळ केली तरी त्यांच्या घामातून पिवळा उतरायचा. आई रोज उशीचा अभ्रा धुवायची, रोज सकाळी तो पिवळा व्हायचा. मग बाहेरचा रंग स्वस्तात यायला लागला आणि कंपनीला टाळं लागलं. तरी बाबा शिफ्टच्या वेळेला तयार होऊन ओट्यावर बसायचे. अभ्राही पिवळा होतच होता. "अजून अंगात हाय कंपनी," म्हणायचे.

एका सकाळी अभ्रा पांढराच राहिला. आई हरखली. "बघा, गेला एकदाचा रंग!"

बाबांनी उशी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. "नीट बघ गो," ते आईला म्हणाले, "कुठंतरी असंल."

तेव्हा मला हसू आलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत दोन-तीनदा उठून नळापाशी गेले आणि पिवळे हात न धुताच परत आले.