तक्त्यातलं बिनशेतकऱ्यांचं गाव

रोज सकाळी नऊ वाजता इथे परदेशात, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझा फोन एकदा वाजायचा. गावाच्या ग्रुपवर वहिनीचा एकच शब्द असायचा : "सोडलं." तिकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असायचे आणि ओढ्यापलीकडच्या विहिरीचं पाणी गावातल्या नळांना सुटलेलं असायचं. वहिनी गावची सरपंच. ती निवडून आली तेव्हा दोन दिवसांआड टँकर यायचा. चार वर्षांत तिनं विहीर खोल करून घेतली, टाकी बांधून घेतली, घराघरापर्यंत पाइप नेले. रोज पन्नास मिनिटं पाणी. पन्नास म्हणजे पन्नास. एका सुट्टीत मी घड्याळ लावून बघितलं होतं.

मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. इथल्या बंदरात जहाजांवर इंधन भरतात, ते किती भरलं हे टाकीत फीत सोडून मोजायचं आणि कागदावर सही करायची. जहाजवाले सांगतात तो आकडा मी लिहीत नाही, तेल देणारे सांगतात तोही नाही. फीत जिथपर्यंत ओली झाली तेवढाच लिहितो. म्हणून गेल्या वर्षी गावाशेजारच्या शहराच्या हद्दवाढीचा मसुदा निघाला आणि त्यात आमच्या गावाचं नाव आलं, तेव्हा वहिनीनं मलाच फोन केला.

"भावजी, गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत संपली. मग विहीर त्यांची अन् पाणीही त्यांचं. आधी घेतलेल्या गावांत अजून टँकरच फिरतोय. हरकत घ्यायला महिना आहे. आकड्यांचं तुम्ही बघा, बाकी मी बघते."

माझी मुलगी जेवता जेवता ऐकत होती. इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' जोडून ती म्हणाली, "पप्पा, आपला ब्लॉकपण मागे दुसऱ्या वॉर्डात टाकला ना? लिफ्टजवळच्या बोर्डावरचा खासदाराचा फोटो चेंज झाला, दॅट्स ऑल लाह. काकू एवढं टेन्शन का घेते?"

तिचं खोटं नव्हतं. आमच्या ब्लॉकवरून वॉर्डाची रेघ सरकली त्या दिवशी नळ तसाच चालू होता आणि कचराही त्याच वेळी उचलला गेला. मी तिला एवढंच म्हणालो, "काकूला नळ स्वतः सोडावा लागतो."

मी एक साधा फॉर्म केला. घरात माणसं किती, नळ आहे का, कर्ता माणूस काय करतो. तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तरंही तिथेच मागवली, म्हणजे कुणी राहिला तर शेजारी आठवण करतील. तीन आठवड्यांत चारशे शहाऐंशी घरांची उत्तरं आली. एकही घर सुटलं नाही याचा मला अभिमान वाटला. मी रकाने पाडले, बेरजा दोनदा तपासल्या. नोकरी आणि व्यवसाय करणारी घरं एवढी निघाली की मीच चकित झालो. शेती फक्त एकतीस घरांची. आमच्या स्वतःच्या घरापुढे 'ॲग्रो बिझनेस' लिहिलं होतं. पुतण्यानं काहीतरी नवं सुरू केलं असेल असं समजून मी ते व्यवसायात धरलं, आणि मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली. मी गाव सोडलं त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गाव किती पुढे गेलं, असं वाटून हरकतीच्या अर्जात मी झोकात एक वाक्यही घातलं : आमचं गाव शेतीवर अवलंबून नाही, ते स्वतःच्या पायावर उभं आहे, त्याला शहराची गरज नाही.

सुनावणीच्या दिवशी मी इथल्या नोव्हेना भागात होतो. बायको तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये काम करते. तिच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही खालच्या फूड कोर्टात बसलो होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मला वाटलं, आनंदाची बातमी असणार.

"त्यांनी तुमचाच तक्ता वाचून दाखवला, भावजी."

"मग?"

"सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, सरपंचबाई, चारशे शहाऐंशी घरांत शेती करणारी घरं एकतीस. शहर ठरवताना आम्ही हेच बघतो, शेती सोडून बाकीची कामं करणारे किती. तुम्ही तर आमचं काम सोपं केलंत. सगळी खोली हसली. मी उभीच."

मी म्हणालो, "पण वहिनी, एकतीसच कशी असतील? ओढ्यापलीकडे सगळा मळाच आहे ना? तो कोण पिकवतं?"

तिनं आवाज खाली आणला.

"आपलीच माणसं पिकवतात," ती म्हणाली. "पण पोरांची लग्नं व्हायचीत, भावजी. ग्रुपवर सगळे सोयरे आहेत, मध्यस्थ आहेत. पोरगा शेती करतो असं कोण तिथं लिहील? कुणी व्यवसाय लिहिलं, कुणी सप्लायर. वरच्या आळीतल्या एकानं तर लॉजिस्टिक्स लिहिलंय. एक ट्रॅक्टर आहे त्याच्याकडं."

"आणि आपलं घर? तो ॲग्रो बिझनेस?"

"पेरूची बाग आहे हो ती. तुमचा पुतण्या सकाळपासून तिथंच असतो. ते मीच लिहिलं. मुलीकडचे येत्या रविवारी बघायला येणार आहेत."

मला खरंच धक्का बसला, आणि तो वहिनीच्या खोटेपणाचा नव्हता. तक्त्यातली पहिलीच ओळ माझ्या जन्मघराची होती आणि ती मी कुणाला न विचारता बेरजेत धरली होती. बायकोला सगळं सांगितलं.

"परक्याच्या टाकीत तू तीनदा फीत सोडतोस," ती म्हणाली, "आणि स्वतःचं गाव फोनवर मोजलंस?"

लेखी दुरुस्ती द्यायला सात दिवस मिळाले होते. या वेळी फॉर्म ग्रुपवर टाकायचा नाही, कागदावर भरायचा आणि सातबारा बघूनच लिहायचं, असं ठरलं. वहिनी घरोघर फिरली. लोक म्हणायचे, "बाई, तुमचं काय, तुम्ही सरपंच. आमच्या पोराला कोण देणार?" चौथ्या दिवशी तिनं मला एक फोटो पाठवला. आमच्या घराचा फॉर्म, तिच्याच अक्षरात : शेती. तो कागद हातात घेऊनच ती पुढची दारं वाजवत होती. पहिला कागद सरपंचाचा बघून लोक लिहायला लागले. सातव्या दिवशी शेतीची घरं एकशे अठ्ठ्याण्णव झाली. रविवारी मुलीकडचे आले नाहीत. कारणही कळवलं नाही.

मी नवा तक्ता केला. या वेळी प्रत्येक ओळीसमोर गट नंबर लिहिला आणि जमीन ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही. कुणी मागितलं नव्हतं. माझ्या कामाची सवय.

अंतिम अधिसूचना आली त्या दिवशी मी कामावरून घरी जात होतो. ती एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्यानं वाचली आणि वुडलँड्स स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही. एका स्टेशनानं पुढे उतरलो आणि बाकावर बसून पुन्हा वाचली. आमचं गाव शहरात गेलं होतं, पण अख्खं नाही. हद्द ओढ्यावरून काढली होती. अलीकडचं गावठाण, आमचं घर, टाकी, सगळे नळ शहरात. पलीकडचा मळा, पुतण्याची बाग आणि विहीर शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडलेली. गट नंबर त्याच क्रमानं होते, ज्या क्रमानं मी लिहिले होते.

मी वहिनीला फोन लावला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली.

"माझं सरपंचपद गेलं, भावजी, ते जाऊ द्या. पण विहिरीवरच्या पंपाच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडंच आहे. आता ती कुणाला द्यायची? पालिकेला दिली तर विहीर त्यांची नाही. शेजारच्या पंचायतीला दिली तर नळ त्यांचे नाहीत."

"लेखी विचार," मी म्हणालो. "दोघांनाही."

"विचारते. पण उद्याचं पाणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी फोन समोर ठेवून बसलो. नऊ वाजून गेले, सव्वानऊ झाले. मुलगी म्हणाली, "पप्पा, बस चुकेल." नऊ एकवीसला फोन वाजला. ग्रुपवर काही नव्हतं, मेसेज फक्त मला होता.

"सोडलं. कुणाला सांगू नका."